साहित्यातले आईबाप आणि मुलं : गोष्ट सांगतंय कोण?

रानवाट
हल्ली योगायोगाने वाचनात सगळी आईबाप आणि मुलांचीच पुस्तकं आली. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) पुन्हा काढली, मग काफ्काने वडिलांना लिहिलेलं पत्र वाचलं आणि लगोलग बाल्झाकची 'फादर गोरिओ' (१८३५). लागोपाठ वाचल्यामुळे डोक्यात एक विचार घर करून बसलाय, म्हणून हा धागा.

गोरिओ हा शेवयांच्या धंद्यात पैसा केलेला म्हातारा. दोन्ही मुली बड्या घरांत दिल्या आणि नंतर त्यांची देणी भागवता भागवता स्वतः कफल्लक झाला. राहतो त्या घरात पैसे कमी होतील तसा तो वरच्या वरच्या मजल्यावर जातो, कारण वरच्या खोल्या स्वस्त. मेल्यावर अंत्ययात्रेला मुली येत नाहीत, त्यांच्या घरच्या बग्ग्या येतात, त्याही रिकाम्या. ययातीत बरोब्बर उलटं, तिथे बापच मुलाचं तारुण्य मागून घेतो. आणि काफ्का! १९१९ साली, वयाच्या ३६व्या वर्षी त्याने हाताने शंभरावर पानं लिहिली. लहानपणी एका रात्री तो पाणी पाणी करून रडत होता तर वडिलांनी त्याला उचलून बाहेर सज्जात नेलं आणि तसंच नुसत्या रात्रीच्या सदऱ्यावर उभं केलं, दार बंद. छत्तिशीतला माणूस ते अजून लिहितोय. पत्र आईकडे दिलं आणि तिने ते परत केलं, वडिलांपर्यंत पोचलंच नाही.

माझं म्हणणं असं की या पुस्तकांची तुलना करताना आपण चांगला बाप वाईट बाप, कृतघ्न मुलगी गुणी मुलगा असं करत बसतो आणि कोण बोलतंय हे बघतच नाही. काफ्काच्या पत्रात बापाला तोंडच नाही. 'ययाति'मध्ये ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, पण ज्याने तारुण्य दिलं त्या पुरूला निवेदनाचं एक प्रकरण नाही! तर दोन्ही बाजूंना सारखं बोलू देणारं पुस्तक तुम्हाला कुठलं वाटतं? जोड्या लावा, भांडा, पण पुस्तकं धरून.

वाचनवेडी
झकास धागा. 'श्यामची आई' किती वेळात येते बघू. :)

तिसरी_घंटा
दोन्ही बाजू हव्या असतील तर कादंबऱ्या सोडा आणि नाटकाकडे या. नाटकात निवेदक नसतो त्यामुळे जो तो आपापलं बोलतो आणि आपण ठरवायचं. 'नटसम्राट' (१९७०) आणि 'किंग लिअर' शेजारी ठेवा, शिरवाडकरांसमोर लिअर होताच हे सगळ्यांना माहीत आहे, पण फरक बघण्यासारखे आहेत. लिअर राज्य वाटताना परीक्षा घेतो, कोण किती प्रेम करतं ते बोलून दाखवा म्हणतो. अप्पा बेलवलकर परीक्षा घेत नाहीत, सरळ देऊन टाकतात, त्यांना वाटतं प्रेम तर आहेच. आणि मोठा फरक म्हणजे कावेरी. लिअर एकटा आहे, त्याची राणी नाटकात नाहीच. अप्पांच्या शेजारी एक शहाणी बाई बसलेली आहे जिला सगळं आधीपासून दिसतंय आणि अप्पा तिला सरकार म्हणतात पण तिचं ऐकत नाहीत. त्यामुळे नटसम्राट ही मुलांनी बापाला छळल्याची गोष्ट आहेच, पण ती नवऱ्याने बायकोलाही सोबत फरफटत नेल्याची गोष्ट आहे. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा मला अप्पांपेक्षा कावेरीचं जास्त वाटतं.

कोरा_कागद
तिसरी_घंटा, कावेरीबद्दल शंभर टक्के सहमत. पण नाटकात दोन्ही बाजू येतात हे मला पटत नाही. सगळी जबरदस्त स्वगतं कोणाला? अप्पांना! त्यांच्या मुलांना, नलू आणि नंदाला, तशी किती मिळाली? ज्याला स्वगत त्याच्या बाजूने प्रेक्षक, हा साधा हिशोब आहे.

लिअरमध्ये निदान थोडी जागा आहे. त्याने राज्य दिलं पण १०० सरदार बरोबर ठेवले, महिना एकीकडे महिना दुसरीकडे असं ठरवून. आता ज्याच्या घरी एवढी फौज खाऊनपिऊन दंगा घालत राहील त्याला पहिल्या आठवड्यात काय वाटेल सांगा. मोठी मुलगी सुरुवातीला जे म्हणते ते अगदी चूक नाही. पण पुढे दोघी बहिणी मिळून आकडा खाली आणत जातात, ५०, २५, मग १०, ५, आणि शेवटी एक तरी कशाला हवा, तिथे त्यांचं खरं रूप दिसतं. शेक्सपिअरने एका भांडणात आपली सहानुभूती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेली. नटसम्राटात ती पहिल्यापासून अप्पांकडेच आहे.

तिसरी_घंटा
स्वगताचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. तरी प्रयोग बघताना मुलीच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते नटी ठरवते, शिरवाडकर नाही. चांगली नटी असेल तर नलू नुसती खलनायिका राहत नाही. छापील पुस्तकात हे शक्य नाही.

सांजसावली
वाचनवेडी, आलीच बघा. :) 'श्यामची आई' मला लहानपणी नुसतीच रडवायची. आता स्वतः आई झाल्यावर वाचते तर वेगळीच बाई दिसते. कर्ज डोक्यावर आहे, सावकाराचा माणूस दारात येऊन वाट्टेल ते बोलतोय, अंगात बळ नाही, आणि या सगळ्यात ती मुलाला वळण लावतेय. पोहायला जायला नको म्हणून श्याम लपून बसतो तर त्याला शोधून फोकाने मारते आणि विहिरीवर पाठवते. आजच्या भाषेत ही कडक आई. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून तोच श्याम हट्ट करतो तेव्हा ओला पदर धोंडीवर पसरते आणि मग मनाबद्दल ते प्रसिद्ध वाक्य बोलते. फोक आणि पदर दोन्ही एकाच बाईच्या हातात. लोकांना फक्त पदर आठवतो.

आडवाट
सांजसावली, सुंदर लिहिलंय. पण मला त्या पुस्तकाचा जाच होतो आणि का ते सांगतो. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आई जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. मुलगा मोठा झालाय, आई नाही, भांडायला समोर कोणी नाही, मग उरते ती कृतज्ञता. आणि ती खरीच आहे, खोटी नाही. पण पुढच्या पिढ्यांच्या आयांना त्या फूटपट्टीने मोजलं गेलं. माझी आई नोकरी करून थकून यायची, चिडायची, आणि शाळेतून मी ते पुस्तक वाचून आलो की मला वाटायचं आपली आई कमी पडते. हा अन्याय पुस्तकाने नाही केला, पुस्तक ज्या तऱ्हेने आमच्या हातात ठेवलं गेलं त्याने केला.

सांजसावली
हे मात्र खरंय. आणि वडिलांचं काय? श्यामचे वडील त्या पुस्तकात किती हताश माणूस आहे, त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही.

नीलमोहर
आई आणि मुलगा, बाप आणि मुलगा... मुली कुठायत? मी जोडी लावते. 'चौघीजणी' आणि 'सुवर्णलता'.

'चौघीजणी' शांता शेळक्यांच्या अनुवादामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणींची आहे. त्यात ज्योला आपल्या संतापाची लाज वाटत असते तेव्हा आई तिला सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, फक्त तो न दाखवायला मी शिकलेय. सबंध पुस्तकात ही बाई शांत, समजूतदार, आणि आतून रोज चिडलेली! लहानपणी ते वाक्य वाचून मी पुढे गेले होते, हल्ली वाचताना तिथेच थांबले.

दुसरीकडे आशापूर्णा देवींची सत्यवती. 'सुवर्णलता'च्या आधीच्या 'प्रथम प्रतिश्रुती'त ती सगळ्या घराशी लढते, मुलीला, सुवर्णाला, शिकवायचं म्हणून, आणि तिच्या पाठीमागे तिच्याच घरचे सुवर्णाचं नऊ वर्षांची असताना लग्न लावून टाकतात. सत्यवती त्याच पावली संसार सोडून काशीला निघून जाते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी आपण टाळ्या वाजवायच्या बेतात असतो, काय बाणेदार बाई. आणि मग 'सुवर्णलता' वाचायला घ्यायची. आई गेल्यावर मागे राहिलेली मुलगी, सासरी आईचा उद्धार ऐकत आयुष्य काढणारी. तीच घटना, एका पुस्तकात विजय आणि दुसऱ्यात जखम. रानवाट, तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला तरी माहीत नाही, एका लेखिकेने दोन पुस्तकं खर्च केली तेव्हा कुठे दोन बाजू आल्या.

रानवाट
नीलमोहर, हे लाखमोलाचं. दोन पुस्तकांत मिळून एक नातं, हा विचारच सुचला नव्हता.

वाचनवेडी
नीलमोहर +१. सुवर्णलता वाचून मी सत्यवतीवर रागावले होते आणि त्या रागाचाही राग आला होता.

मुशाफिर
वरच्या सगळ्या चर्चेत एक गृहीत आहे की आईबाप आहेत, घर आहे आणि मग प्रश्न फक्त प्रेमाचा, कर्तव्याचा. आत्मकथनं वाचा म्हणजे हा पायाच हलतो. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४). बाप सवर्ण पाटील, आई दलित, बाप नाव देणार नाही. मुलाचा बापाशी वाद होण्याइतकंही नातं नाही. पण त्याच पुस्तकात आजी संतामाय आहे आणि तिच्या सोबत राहणारा मुसलमान दादा आहे, रक्ताचं नातं नाही, जात नाही, धर्म नाही, आणि तो या पोराला आपलं म्हणतो. बाप म्हणजे कोण याचं उत्तर त्या दोन माणसांना शेजारी ठेवलं की मिळतं.

आणि किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). आई तमाशात नाचणारी, तिच्या कमाईवर सगळं घर जगतं, पोराला आजोबांच्या घरी ठेवून तिला जावं लागतं. पोर तिच्यासाठी झुरतं, तिच्यावर संतापतं, आणि तरी नावात बापाच्या जागी आईचं नाव लावतं. इथे आईने सोडलं असं एका वाक्यात म्हणताच येत नाही, कारण तिला स्वतःला तरी कोणी विचारलं होतं? पान पान राग आहे आणि त्या रागाच्या खाली तिची बाजू दिसत राहते. मुलानेच सांगितलेली गोष्ट आहे पण आईला तोंड नाही असं वाटत नाही. म्हणून रानवाट, कोण बोलतंय हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पुरेसा नाही. बोलणारा किती लांबवर बघतो तेही बघायला हवं.

आडवाट
मुशाफिर, शेवटच्या दोन वाक्यांसाठी दंडवत.

जुनी_वही
महाभारताकडे कोणी वळलं नाही अजून, आश्चर्य आहे. कर्ण म्हटलं की लोक कुंती आणि नदीत सोडलेली पेटी यावर थांबतात. उद्योगपर्वात कृष्ण त्याला सांगतो की तू पांडवांचा थोरला भाऊ, चल, राज्य तुझं. तेव्हा कर्ण काय उत्तर देतो ते मुळात वाचा. तो तत्त्वज्ञान नाही सांगत. तो सांगतो की अधिरथाने मला घरी नेलं तेव्हा मायेने राधेला लगेच पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, आता तिच्या पिंडाचा लोप मी कसा करू. साम्राज्याच्या विरुद्ध पारड्यात त्याने हे ठेवलं. आईपणाची इतकी रोखठोक व्याख्या मला दुसरीकडे दिसली नाही.

द्रोण आणि अश्वत्थामा हीदेखील विसरलेली जोडी. दारिद्र्यात पोराला दूध म्हणून पिठाचं पाणी पाजलं गेलं आणि ते पिऊन पोर नाचलं, हे द्रोणाला आयुष्यभर डाचलं. त्या एका प्रसंगातून द्रुपदाशी वैर, राजाश्रय, पुढचं सगळं. आणि शेवटी मारला गेला तो कसा, तर पोरगा मेला असं ऐकून शस्त्र खाली ठेवलं म्हणून. दूध नव्हतं इथून ते शस्त्र ठेवलं इथपर्यंत माणूस फक्त बाप आहे, आणि आपण त्याला फक्त गुरू म्हणून ओळखतो.

कोरा_कागद
जुनी_वही, द्रोणाबद्दल असा विचार कधी केलाच नव्हता. पण मग एक जुना वाद काढतो. ग्रीकांकडे मुलगा बापाला मारतो, ईडिपस, आणि आपल्याकडे बाप मुलाचं आयुष्य घेतो, ययाती आणि पुरू, शंतनू आणि भीष्म. असं म्हणतात की आपल्या गोष्टींत जिंकतो नेहमी बाप. पटतं का?

जुनी_वही
अर्धं पटतं. ईडिपसच्या गोष्टीत आधी बापाने काय केलं ते लोक गाळतात. तान्ह्या पोराचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकायला दिलं होतं. सुरुवात बापाने केली. आणि आपल्याकडे बभ्रुवाहन आहे की! आश्वमेधिक पर्वात अर्जुन स्वतःच्या मुलाच्या बाणाने पडतो, नंतर त्याची बायको उलूपी मण्याने जिवंत करते ती गोष्ट वेगळी. त्यातली गंमत अशी की मुलगा नम्रपणे स्वागताला जातो आणि बाप त्यालाच हिणवतो की क्षत्रियासारखा लढायला का आला नाहीस. शाहनामा या फारसी महाकाव्यात रुस्तुम स्वतःच्या मुलाला, सोहराबला, मारतो आणि मग दंडावरची खूण बघून ओळखतो. सगळीकडे दोन्ही घडतं. वेगळं असतं ते हे की कुठली गोष्ट लोकांनी सारखी सारखी सांगितली. ययाती सांगितली गेली, बभ्रुवाहन मागे पडला.

सांजसावली
थोडं अवांतर, पण 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधली मुलं बापाला सरळ नावाने हाक मारतात, ॲटिकस म्हणून, याचं मला लहानपणी फार अप्रूप होतं. आणि तो बाप मुलांना खोटं उत्तर देत नाही. मला तो जरा जास्तच परिपूर्ण वाटतो आता.

वाचनवेडी
कारण गोष्ट त्याची मुलगी सांगते आणि तेव्हा ती लहान आहे! रानवाटांचाच मुद्दा.

कोरा_कागद
माझी जोडी राहिली. काफ्काच्या पत्रासमोर तुर्गेनेवची 'फादर्स अँड सन्स' (१८६२) ठेवा. बझारोव तीन वर्षांनी घरी येतो आणि तीन दिवसांत कंटाळतो. उद्या निघतोय हे बापाला सांगायला त्याला सबंध दिवस लागतो, धीरच होत नाही, देवाधर्माला न मानणारा, कोणालाच न जुमानणारा हा माणूस! म्हातारा ऐकतो, हो हो, बरं बरं करतो, रुमाल काढून नाक पुसतो. गाडी गेल्यावर म्हातारी आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकवते. इथे कोणी कोणाला छळलेलं नाही. दोघंही चांगले आहेत, दोघांचंही एकमेकांवर प्रेम आहे, आणि तरी मुलाला तिथे राहता येत नाही. मला वाटतं बहुतेक घरांत होतं ते हेच, लिअर नाही आणि ययातीही नाही. माझा मुलगा कॉलेजात गेल्यापासून मी ती दोन प्रकरणं वाचायची टाळतो.

नीलमोहर
कोरा_कागद, मग तुम्ही महाश्वेता देवींची 'हजार चुराशीर मा' (१९७४) वाचू नका एवढ्यात. सुजाताला मुलगा कळतो तो मेल्यावर. शवागारात तो १०८४ क्रमांकाचं प्रेत असतो. एका दिवसाची गोष्ट आहे, त्याच्या वाढदिवसाचा दिवस आणि मरणाचाही, आणि त्या दिवशी ती त्याच्या मित्राच्या आईला, त्याच्या मैत्रिणीला भेटत फिरते आणि तिला कळतं की त्याचं एक सबंध आयुष्य होतं जे तिला ठाऊक नव्हतं. आपण धाग्यात मुलांनी आईबापांना कसं पाहिलं हे बोलतोय. इथे आई मुलाचा शोध घेते.

रानवाट
काफ्काबद्दल एक राहिलं, बरं झालं कोणी पत्राचा शेवट काढला नाही तोवर. पत्राच्या शेवटाकडे काफ्का बापाच्या वतीने स्वतःच उत्तर लिहितो. म्हणजे तुम्ही असं म्हणाल, की तू सगळा दोष माझ्यावर टाकून स्वतः मोकळा होतोस, तू माझ्यावरच जगणारा आहेस, वगैरे, आणि ते उत्तर भलतंच जोरदार आहे. बापाला तोंड नाही असं मी वर म्हटलं ते पूर्ण पत्राला लागू आहेच, कारण हेही शेवटी मुलाचंच लेखन, पण दुसऱ्याची बाजू इतक्या ताकदीने मांडायला मोठं मन लागतं. मुशाफिर म्हणतात ते लांबवर बघणं हेच असावं.

तिसरी_घंटा
पुन्हा मूळ प्रश्नाकडे. पुरूला प्रकरण नाही म्हणालात ना, मग कार्नाडांचं 'ययाति' नाटक वाचा. तिथे पुरू बोलतो, आणि त्याहून मोठं म्हणजे त्याची नवपरिणीत बायको चित्रलेखा बोलते. बाप-मुलाने आपापसात तारुण्याचा व्यवहार केला, तिला कोणी विचारलं? ती ययातीला तोंडावर जाब विचारते आणि शेवटी विष घेते. ज्याला आपण पितृभक्ती म्हणत आलो तिची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली, हे खांडेकरांत नाही आणि महाभारतातही नाही.

मुशाफिर
आणि परदेशातलं हवं असेल तर शिन क्यंग-सुक यांची 'प्लीज लुक आफ्टर मॉम' (२००८). सेऊलच्या रेल्वे स्टेशनवर म्हातारी आई हरवते. मुलगी, मुलगा, नवरा एकेक करून तिला आठवतात. लेखिका झालेल्या मुलीची पुस्तकं आईला वाचता येत नव्हती. आणि मग एक प्रकरण खुद्द आईचं, त्यात असं काही येतं जे घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

आडवाट
यादीत टाकलं. जुनी_वही, एक विचारायचं होतं, तुम्ही राधेचं सांगितलंत ते 'मृत्युंजय'मध्ये कितपत आहे? शाळेत वाचलं होतं, आता पुसट झालंय.

जुनी_वही
राधामाता आहे, मायाळू आहे. पण 'मृत्युंजय'ची (१९६७) रचना आठवा. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, धाकटा भाऊ शोण, बायको वृषाली, शेवटी कृष्ण. राधेला प्रकरण नाही, अधिरथालाही नाही. जिने नदीत सोडलं तिला सावंतांनी बोलू दिलं आणि ते प्रकरण उत्तमच आहे, पण जिने वाढवलं ती ऐकूच येत नाही. धाकटा भाऊ बोलतो, आई नाही.

नीलमोहर
मग राधेची कादंबरी कोणीतरी लिहायलाच हवी. आणि ती मूळ कुंतीच्या विरोधात नको, नाहीतर पुन्हा चांगली आई वाईट आई सुरू होईल.

कोरा_कागद
अधिरथापासून सुरुवात करा म्हणतो मी. पेटी पाण्यातून त्याने काढली होती.